पानात टाकू नका

गेल्या रविवारी डॅलसजवळच्या एका चायनीज बुफेत आम्ही बारा जण जेवलो. सगळी मराठी मंडळी. माणशी १३ डॉलर, हवं तेवढं खा. उठलो तेव्हा टेबलावर सात बशा अर्ध्या भरलेल्या होत्या. एकीत नूडल्सचा ढीग, एकीत तोंडही न लावलेले चार क्रॅब रंगून, एकीत एकेक घास खाऊन सोडलेल्या तीन तऱ्हेच्या कोंबड्या. आणि टीप? एक सेंट नाही. ‘वाढून आपणच घेतलं, त्यांनी काय केलं?’ असं एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

त्यांनी काय केलं, ते मी सांगते. माझी खुर्ची ट्रेंच्या अगदी समोर होती.

काळा एप्रन बांधलेली पन्नाशीची एक बाई होती. बुफेत खाली कढत पाणी असतं, वर स्टीलचे ट्रे. ट्रे तळाला लागला की ती आतून भरलेला आणायची. रिकामा उचलला की वाफ थेट तिच्या मनगटावर यायची. ती हात मागे घ्यायची नाही, फडकं वर सरकवायची आणि नवा ट्रे बसवायची. मग चिमटे पुसायचे, सांडलेला भात टिपायचा, आमचे ग्लास भरायचे आणि आमच्या त्या बशा उचलायच्या. दीड तासात ती एकदाही बसली नाही.

टेक्सासमध्ये टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने रोख द्यायचा किमान पगार तासाला २ डॉलर १३ सेंट आहे. हा अमेरिकेचा केंद्रीय आकडा १९९१पासून जागचा हललेला नाही. टीप धरून ७ डॉलर २५ सेंट भरले नाहीत, तर उरलेले मालकाने घालायचे, असा कायदा आहे. म्हणजे तिथे टीप ही बक्षिसी नव्हेच. तो पगार आहे, आणि तो गिऱ्हाइकाच्या खिशातून जाणार हे गृहीत धरूनच तिला कामावर ठेवलेलं असतं. आपण तो बुडवला.

चायनीज बुफेत राबणारी ही माणसं तिथवर कशी पोचली, तेही ऐका. १८८२मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना कायद्याने दार बंद केलं. ते १९४३पर्यंत बंद राहिलं. आत होते त्यांना बहुतेक धंद्यांत थारा नव्हता. उरलं काय? लॉन्ड्री आणि खानावळ. पुढे, १९८०नंतर, फूच्यान प्रांतातून लोंढे आले. पुष्कळांनी प्रवासासाठी दलालांकडून हजारो डॉलरांचं कर्ज काढलेलं. न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये त्यांना काम मिळवून देणाऱ्या एजन्सी आहेत. तिथून बसने शेकडो मैल दूरच्या गावात जायचं, मालकाने दिलेल्या खोलीत चारपाच जणांनी झोपायचं, आठवड्याचे सहा दिवस राबायचं. आपण जो बुफे ‘स्वस्त’ म्हणतो, तो पुष्कळदा अशा कष्टांवर स्वस्त झालेला असतो.

‘पण ते खरं चायनीज नसतंच’, असं नाक मुरडणारेही आमच्या टेबलावर होते. बुफेतलं जनरल त्सो चिकन फंग छांग-क्वे या हूनान प्रांतातल्या आचाऱ्याने तैवानमध्ये घडवलं. न्यूयॉर्कमध्ये आल्यावर ते तिथल्या जिभेसाठी गोड झालं. आपलं मंचुरियन तर नेल्सन वँग यांनी १९७५मध्ये मुंबईत केलं, आलं-लसूण-मिरचीला सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअरची जोड देऊन. ते आपण कोपऱ्यावरच्या गाडीवर उभं राहून, बोटं चाटून खातो. परमुलखात पोट भरण्यासाठी दुसऱ्याच्या जिभेची चव ओळखावी लागते. ती ओळखणाऱ्याच्या हाताला मान द्यायला हवा.

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला हवं का? मुंबईच्या गिरणगावात खानावळवाल्या बायकांनी हजारो एकट्या कामगारांना जेवू घातलं. पहाटे उठून भाकऱ्या थापल्या, पगार होईपर्यंत उधारी सांभाळली. त्यांच्या ताटात अन्न टाकून उठायची कुणाची छाती नव्हती. आपल्या घरी पंगतीला बसलेल्या पोराला पहिली ताकीद हीच असते: पानात टाकायचं नाही. मग विमानात बसताना ती ताकीद कुठे राहिली?

बुफेला जरूर जा. कमी पैशांत अख्खं कुटुंब पोटभर जेवतं, लहान मुलाला पाच पदार्थ चाखून बघता येतात. ही मोठी सोय आहे आणि मला ती मनापासून आवडते. फक्त आधी चमचाभर घ्या, आवडलं तर परत उठा. ट्रे कुठे पळून जात नाही. आणि निघताना दहा टक्के तरी टेबलावर ठेवा, जमलं तर रोख.

आमचं बिल १५६ डॉलर झालं होतं. दहा टक्के म्हणजे माणशी १ डॉलर ३० सेंट. तेवढ्यासाठी बारा जण गप्प बसलो. मीसुद्धा. गाडीपर्यंत जाऊन मी परत आले, वीसची नोट त्या बाईच्या हातात दिली. तिने ती एप्रनच्या खिशात घातली, मान किंचित लववली आणि पुढचा ट्रे उचलायला वळली.

येत्या रविवारी पुन्हा जाणार आहोत. बिल वाटून घेण्याआधी हा हिशेब मी सगळ्यांसमोर मांडणार आहे.