बेसवादक कसं व्हावं (घरच्यांची परवानगी गृहीत धरून)

आधी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घ्या. हसू नका. ‘क्वीन’ या रॉक बँडच्या बेसवादक जॉन डीकनने १९७१ मध्ये चेल्सी कॉलेजातून पहिल्या वर्गात ती घेतली, आणि त्याच वर्षी तो बँडमध्येही शिरला. त्याच्याआधीचे तीन बेसवादक तिथे टिकले नव्हते. टिकायचं असेल तर कमी बोला.

पदवी वाया जात नाही. रस्त्याकडेच्या कचऱ्यात एखादा सर्किट बोर्ड दिसला की उचला. डीकनने अशाच बोर्डापासून बॅटरीवर चालणारा इवलासा अँप्लिफायर बनवला. त्याला आवाज कमी-जास्त करायचं बटणसुद्धा नव्हतं. त्यातून बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने गिटारला व्हायोलिन-ट्रंपेटचे सूर काढायला लावले. कौतुक अर्थातच गिटारचं झालं. सवय करून घ्या.

बेस गिटारला तारा चार, सूर गिटारपेक्षा एक सप्तक खाली. ड्रमच्या ठोक्याला चिकटून राहायचं. दाद मैफलीत मागे तंबोरा धरणाऱ्याला मिळते तेवढीच. पुढे प्रकाशझोतात पाचगणीच्या शाळेत ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो बडवून आलेला गायक फ्रेडी मर्क्युरी असेल, तर तुमच्याकडे बघणार कोण? क्वीनच्या पहिल्या अल्बमवर (१९७३) डीकनचं नावच उलटं, ‘डीकन जॉन’ असं छापलं होतं.

मग हळूच गाणं लिहा. बायकोसाठी लिहिलेलं बरं, घरात शांतता राहते. ‘यू आर माय बेस्ट फ्रेंड’ या डीकनच्या अशाच गाण्यासाठी लागणारा इलेक्ट्रिक पियानो फ्रेडीला अजिबात आवडेना, डीकनने तो घरी नेला आणि स्वतःच शिकला. (तक्रार न करता शिकणं ही बेसवादकांची जुनी खोड.) नंतर ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ लिहा. ड्रमर नाक मुरडेल, मायकेल जॅक्सन ‘हे सिंगल म्हणून काढाच’ म्हणेल, मायकेलचं ऐका. १९८० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. बंद पडलेलं हृदय सुरू करायला छाती कोणत्या लयीत दाबावी, हे शिकवायलाही ते चालतं. गाण्यात माणसं एकामागून एक मरतात, हे मात्र पेशंटच्या नातेवाइकांना सांगू नये.

सुचलेली चाल जेवणाआधी कुठेतरी टिपून ठेवा. ‘अंडर प्रेशर’ची सुरुवातीची बेसची ओळ डीकन पिझ्झा खाऊन आल्यावर विसरला होता; ती ड्रमर रॉजर टेलरने आठवून दिली, असं बँडमध्ये सांगतात. नाहीतर जगप्रसिद्ध होण्याआधीच ती पचली असती.

निवृत्तीला समारंभ नको. १९९१ मध्ये फ्रेडी गेला. १९९७ च्या जानेवारीत डीकनने पॅरिसच्या मंचावर क्वीनसोबत शेवटचं वाजवलं आणि मग तो घरी गेला. २००१ मध्ये अमेरिकेत बँडचा मोठा सन्मान झाला, तिथेही फिरकला नाही. पत्रकार दारात आले तरी दार उघडायची सक्ती नाही. हिशेबाची वही मात्र हातातून सोडू नका. पैशांचा विषय निघाला की डीकनशी बोलल्याशिवाय बँड पुढे जात नाही, हे खुद्द ब्रायन मेनेच सांगितलंय.