फाइव्ह एस पद्धतीने जपान: चाकणकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

चाकण, भोसरी, तळेगावच्या पट्ट्यात कामाला असणाऱ्याला जपानचं काय कौतुक? कायझेनचा फॉर्म तो नेमाने भरतो, त्याच्या फिक्स्चरवर पोका-योके बसवलेलं असतं आणि लाइन थांबली की डोक्यावर आंदोनचा लाल दिवा पेटतो. तरी ‘जपान पाहिलंत का?’ या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असंच येतं. क्योटोतला शरद पाहायचा तर व्हिसा, विमानाचं तिकीट आणि रजेच्या अर्जावर साहेबांची सही, तिन्ही हवं. त्यातलं तिसरं मिळणं सर्वांत कठीण. म्हणून ही एक सुट्टी अधिक एक रजा अशी सहल. पद्धत तुम्हाला पाठ असलेलीच: फाइव्ह एसच्या पाच पायऱ्या.

पायरी १: सेइरी (नको ते काढून टाका)

यादीतून लाल मेपल आधी खोडा. आपली पानगळ शिशिरात. ऑक्टोबरात गळतो तो घाम. किमोनोही खोडा, कारण तेच. उरतात चंद्र, बाग आणि भात, आणि जपानी शरदाची मुख्य शिल्लकही तीच आहे. तारीख कोजागरीची धरा. जपानचा चंद्रदर्शनाचा सण, त्सुकिमी, बहुधा महिनाभर आधी येतो. पण २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री आले होते.

पायरी २: सेइतोन (सगळं जागच्या जागी, वेळच्या वेळी)

जपानची पहिली बुलेट ट्रेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी टोकियो-ओसाका मार्गावर धावली. तुम्हाला आधी चाकणचा तळेगाव चौक पार करायचा आहे. पाळी सुटायच्या वेळी निघू नका. कंपनीच्या बस आणि कंटेनर ‘आधी आपण’ म्हणत वाकून वाट देत नाहीत. पिंपरीत पीसीएमसी स्थानकावर मेट्रो पकडा, स्वारगेटला उतरा आणि रिक्षाने सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान गाठा. महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात, तेव्हा सकाळीच पोहोचा.

पायरी ३: सेइसो (स्वच्छता)

सुमारे दहा एकरांची ही बाग ओकायामा शहरातल्या कोराकुएनवरून बेतली आहे. मूळ बाग तिथल्या इकेदा त्सुनामासा या सरदाराने करवून घेतली. ती १७०० मध्ये पुरी झाली. पुण्यातल्या बागेला पु.लं.चं नाव शोभतं, कारण ‘पूर्वरंग’मध्ये त्यांनी जपान मराठी घरांत आणलं.

नवशिका इथे ‘पॉइंट’ शोधतो. पाचगणीला पॉइंट असतात, इथे नाहीत. पायवाट मुद्दाम वळवलेली असते. प्रत्येक वळणावर पाणी, दगड आणि हिरवळ नव्याने मांडलेली दिसते. तेव्हा सावकाश चाला आणि मध्येच थांबा. इथे थांबल्याने कुठलाही दिवा लाल होत नाही. वेफरचं पाकीट मात्र खिशात घालून परत न्या. जपानी माणूस तेच करतो.

पायरी ४: सेइकेत्सु (जमलं की त्याचं प्रमाण ठरवा)

सुशी कंपनीच्या पाहुण्यांच्या बिलावर खावी. स्वखर्चाने ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी मुटके, करा. त्यासाठी लागणारा चिकट भात घरातच आहे: इंद्रायणी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये हे वाण दिलं. बासमतीचे भक्त ज्या चिकटपणावरून त्याला नाकं मुरडतात, तोच इथे कामाला येतो. भात गरम असतानाच हात मिठाच्या पाण्यात बुडवून मूठभर घ्या. जपानी लोक आत उमे नावाचं खारवलेलं आंबट फळ घालतात, तुम्ही लिंबाचं लोणचं घाला. दाबून त्रिकोण करा, मिळाली तर नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाची, पट्टी गुंडाळा. पहिले दोन-तीन सुटतील. त्यांना ट्रायल बॅच म्हणा आणि खाऊन टाका. रिजेक्शन शून्य.

पायरी ५: शित्सुके (शिस्त)

रात्री गच्चीवर. त्सुकिमीला चंद्रासमोर तांदळाच्या पिठाचे गोळे, म्हणजे दांगो, आणि सुसुकी गवताचे तुरे ठेवतात. मोदकाची उकड ज्यांना जमते त्यांना दांगो अवघड नाहीत. तुऱ्यांसाठी काशाचं पांढरं गवत चालेल. मसाला दूध आपलंच राहू द्या.

मग हायकू करा. हा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजवला तो शिरीष पै यांनी. ज्या आचार्य अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिर पिंपरीत आहे, त्यांच्या त्या कन्या. तीन ओळी पुरतात. त्या सजेशन बॉक्समध्ये टाकू नका; चंद्राचा सायकल टाइम कमी करण्यासारखा नाही.

एवढं केलंत की फरक कळेल. कंपनीने जपानकडून काटेकोरपणा उचलला, तो तिला लाभला. थांबून पाहण्याची जपानी सवय मात्र कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. ती आपल्या वेळात, आपणच शिकायची. रजेचा अर्ज दसऱ्याआधी द्या. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की त्यावर कोणी सही करत नाही.