चार हजारांची बीए

बिटको चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या आठवड्यात एक गृहस्थ फाईल घेऊन उभे होते. सरकारी प्रेसमधून निवृत्त झालेले. आमच्या नाशिक रोडला ‘मी प्रेसमध्ये होतो’ असं कुणी म्हटलं की पुढचा प्रश्न एकच, नोटांच्या की स्टॅम्पच्या? हे स्टॅम्पच्या. हयात स्टॅम्पपेपर छापण्यात गेली, आता मुलाच्या कर्जाच्या करारासाठी तोच विकत घ्यायला निघाले होते. फाईलमध्ये पेन्शनचं पासबुक, घरपट्टीची पावती, दोघांची आधार कार्डं आणि चिरंजीवांचं बारावीचं मार्कशीट.

“पुण्याला घेतोय अ‍ॅडमिशन. लिबरल आर्ट्सला.”

“म्हणजे बीएच ना?”

“मीपण तेच विचारलं. तर म्हणतो, बाबा, तुम्हाला नाही कळायचं.”

मला मात्र थोडं कळतं. कला शाखा मराठीत घेतली की फी हजारांत असते, इंग्रजीत घेतली की लाखांत जाते. इतिहास तोच, राज्यशास्त्र तेच. फरक म्हणजे वर्गात एसी असतो आणि सरांना ‘फॅकल्टी’ म्हणतात. इथून हाकेच्या अंतरावर बिटको कॉलेज आहे, १९६३ पासून. तिथे बीएला बसायला बँक लागत नाही, घरातला डबा झटकला तरी फी निघते.

पण पुण्याला बँक लागते. चार लाखांपर्यंत तारण नाही, स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही, फक्त बापाने सहकर्जदार म्हणून सही करायची. शिक्षण संपलं की वर्षभर सवलत, मग हप्ता सुरू. नोकरी लागली की नाही, हे हप्ता विचारत नाही. दुकानातच मोबाईलवर हिशेब मांडला. चार लाख, दहा टक्के, सात वर्षं. महिन्याला साधारण ६,६४०. सवलतीच्या काळात चढणारं व्याज धरलेलंच नाही. गृहस्थांनी चष्मा काढून पुसला आणि आकडा परत बघितला. तो तोच होता.

आता दुसरी बाजू. बीए झाल्याची बाजारात किंमत किती, यावर तज्ज्ञ परिसंवाद घेतात. घेऊ द्यात. राज्य सरकारने २०२४ मध्ये दरपत्रकच लावून टाकलंय. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, गावभाषेत लाडका भाऊ. बारावी पास असाल तर महिन्याला ६,०००. आयटीआय किंवा पदविका, ८,०००. पदवीधर, १०,०००. आणि पदव्युत्तरलाही १०,०००, म्हणजे एमएची दोन वर्षं सरकारी हिशेबात फुकट. आधी सहा महिने, पुढे मुदत वाढवून अकरा.

वजाबाकी करा. बारावी ते बीए, तीन वर्षं, चार हजार रुपये. हप्ता ६,६४०. वरचे २,६४० पेन्शनमधून.

कुणी म्हणेल, ते विद्यावेतन, त्याला पगार कसं म्हणता? ठीक. मग नोकरीच्या जाहिराती वाचा आणि मला कळवा.

नव्या शैक्षणिक धोरणाने एक गंमत केली आहे. बीए आता मधेच सोडता येते. एक वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी. अट एवढीच की उतरताना चार क्रेडिटचं कौशल्याचं काम करून दाखवायचं. म्हणजे पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला निघालेल्याला इगतपुरीला उतरायची मुभा. उतरून करायचं काय, ते प्रवाशाने ठरवावं. तरी दरपत्रक वाचलं तर दोन वर्षांचा कलेचा पदविकाधारक आणि आयटीआयचा फिटर दोघेही आठ हजारांच्याच रांगेत. फिटरला निदान पाना धरता येतो.

अमेरिकेत दोन वर्षांच्या पदवीला ‘असोसिएट’ म्हणतात, आणि तिथलं सरकार अभ्यासक्रमागणिक मुलांची कमाई आणि त्यांचं कर्ज शेजारी-शेजारी मांडून दाखवतं. आपल्याकडे एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या तक्त्यात पगाराचा मध्यक असतो. कोणाच्या पगाराचा? ज्यांना नोकरी लागली त्यांच्या. उरलेले मध्यकात बसत नाहीत, अभ्यासिकेत बसतात.

अभ्यासिका म्हटलं की खरं कर्ज सुरू होतं. स्वस्तातली बीए करणाऱ्याने हसू नये, त्याचाही हप्ता चालू आहे, फक्त पासबुकात दिसत नाही. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेचं भाडं, टेस्ट सिरीज, आणि फॉर्म. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या. अर्ज दहा लाखांवर. फी खुल्या वर्गाला हजार, राखीव वर्गाला नऊशे. सगळे नऊशेवालेच धरले तरी नव्वद कोटी होतात. शैक्षणिक कर्जाला शिक्षणाचा काळ धरून चार-पाच वर्षांची सवलत तरी असते, फॉर्मला शेवटची तारीख असते. आणि यात पंचविशी-तिशीची जी वर्षं जातात, त्यांना कुठलंच तारण नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बीए जरूर करा. बिटकोला करा, नाहीतर गंगापूर धरणाकडे १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे, तिथून करा, आणि सोबत हाताला काहीतरी कसब लावा. जिथे फी लाखांत आहे तिथे आधी विचारा, मागच्या तीन वर्षांत किती मुलं बाहेर पडली आणि त्यातली किती कुठे चिकटली. माहितीपत्रकातला हसरा चेहरा सोडून बाकीच्यांचं विचारा. व्याजात सूट देणारी पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्या निवडक संस्थांपुरती आहे. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. नसेल, तर सही करायच्या आधी घरी जाऊन चहा प्या.

हे सगळं मी त्या गृहस्थांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “पोरगं हुशार आहे हो,” म्हणाले, आणि दुकानदाराला म्हणाले, तीन सेट काढ.

झेरॉक्सचे चौऱ्याऐंशी रुपये झाले. हप्तेही तेवढेच आहेत.