चितार आळीतला हापूस

मुंबईहून गोव्याला निघालेल्या बहुतेक गाड्या सावंतवाडीला वळसा घालून पुढे जातात. मुद्दाम आत वळणाऱ्यांचा क्रम मात्र ठरलेला असतो. मोती तलावाच्या काठावर फोटो, मग राजवाडा, आणि उन्हाचा तडाखा वाढला की चितार आळी.

मे महिन्यातल्या एका दुपारी पुण्याचे एक काका-काकू याच क्रमाने आळीत पोचले. राजवाड्यात काकांनी गंजिफा रंगवला जाताना पाहिला होता. आयुष्यभर 52 पत्त्यांवर रमी खेळलेल्या माणसाला दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते म्हणजे मोठाच खजिना. प्रत्येक अवताराचे 12 पत्ते, त्यांत राजा आणि प्रधान धरून. मोडीत निघालेली ही कला शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवींनी पुन्हा उभी केली, हेही त्यांना तिथेच कळलं. तासाभरापूर्वी मिळालेलं हे ज्ञान कुणाला तरी सांगितल्याशिवाय काकांना चैन पडणार नव्हतं.

आळीतल्या एका दुकानात भोवरे, भातुकली, रंगीत पाट असं बरंच काही मांडलेलं होतं, पण नजर खिळत होती ती लाकडी फळं-भाज्यांवर. फुटलेल्या डाळिंबाचे दाणे, सीताफळाचे डोळे, कारल्याचे काटे, सगळं जिथल्या तिथे. काकूंनी सवयीने एक वांगं उचललं आणि देठापाशी दाबून पाहिलं.

काका खो खो हसले. “अगं, मंडईत आहेस का? लाकूड आहे ते!”

तिथून पुढे परीक्षकाची खुर्ची काकांनी स्वतःच घेतली. मिरचीला शाबासकी मिळाली. केळ्याला पैकीच्या पैकी. पेरूचा रंग थोडा भडक ठरला. दुकानदार मान डोलावत गिऱ्हाइकाचं ऐकून घेत होता. फिरता फिरता काका गल्ल्याजवळ आले. तिथे गंजिफाच्या रंगवलेल्या डबीशेजारी एक हापूस एकटाच ठेवलेला होता.

काकांनी तो डोळ्यांजवळ धरला. “हा मात्र फसलाय हं. देठाजवळ हिरवट रंग तसाच राहिलाय, आणि हे काळे ठिपके बघ. खऱ्या हापूसला असे असतात का? वजनही जास्त वाटतंय. लाकूड ओलं असणार.”

“अहो, वास येतोय त्याला,” काकू म्हणाल्या.

“रंगाचा असेल. थांब, वाजवूनच बघतो.”

दुकानदाराने हात पुढे केला, पण तोवर आंबा फळीवर आपटला होता. साल फाटली, रस काकांच्या पांढऱ्या शर्टावर उडाला आणि कोय सटकन निसटून भातुकलीच्या चुलीवर जाऊन बसली. गंजिफाच्या डबीवरच्या मत्स्यावतारालाही दोन थेंबांचा नैवेद्य पोचला.

“ओ काकानूं, तो खरो आंबो!” दुकानदार कळवळला. “माझ्या जेवणाक आणलेलो!”

दारात उभ्या असलेल्या दोन शाळकरी पोरांनी हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते ते लपेनात. काका रुमालाने आधी शर्ट पुसायला लागले, मग फळी, मग चूल. घाईत तोच रुमाल त्यांनी कपाळावरूनही फिरवला आणि कोकणचा मेवा भुवयांपर्यंत पोचला.

दुकानदाराने ओल्या फडक्याने डबी हलकेच टिपली. डाग राहिला नाही, पण काकांनी ती विकत घ्यायचं ठरवून टाकलं. किंमत ऐकल्यावर त्यांचा आवाज थोडा खाली आला, एवढंच. मग भरपाई म्हणून फळांची अख्खी पाटी आली, नातवाला चार भोवरे आले आणि काकूंनी मागितलेला पाट घासाघीस न होता बांधला गेला. राजवाड्यात दहा रुपयांवरून हुज्जत घालणारा हाच गृहस्थ, हे सांगून खरं वाटलं नसतं.

“आणि आंब्याचे किती?”

“त्याचे कसले पैसे? घरचो आंबो तो,” म्हणत दुकानदाराने फळीखालच्या पिशवीतून दुसरा हापूस काढून काकांपुढे धरला. “ह्यो खावा आता.”

काकांनी तो दोन्ही हातांनी जपून घेतला. आधी हुंगला, मग नखाने किंचित खरवडून पाहिला. तरीही खात्री पटेना, तेव्हा मुकाट्याने काकूंच्या हातात दिला.

“तू जरा दाबून बघ.”