एरंडोलच्या आधीच पहिला नंबर

जळगाव ते धुळे नव्वदेक किलोमीटर. आमचे भाऊ एरंडोलच्या आधीच शर्यत जिंकतात. कोणाशी, ते विचारू नये. सकाळी चावी फिरवली, की इंजिन गरम होण्याआधीच अॅक्सिलरेटर तळाला. मग केळीच्या ट्रकमागे करकचून ब्रेक, पुन्हा मुसंडी. पारा पंचेचाळिशीकडे, क्लच प्लेटला जळका वास. भाऊ म्हणतात, "कुठं तरी भरिताचं वांगं भाजताहेत!" (मे महिन्यात?) धुळ्यात पोचताच तापलेला टर्बो निवू न देता इंजिन बंद, आतलं तेल तिथंच करपतं. इंजिन बिचारं बरंच सोसतं. टायर, ब्रेक पॅड आणि क्लच मात्र उधारी ठेवत नाहीत. वाचलेली दहा मिनिटं भाऊंनी परवा गॅरेजच्या बाकावर खर्च केली. दिवसभर.