चिरंजीव खानावळ काढणार नाहीत

हाउन्स्लो, लंडन
आषाढ, पाऊस रिपरिप (तुमच्यासारखा नाही)

ती. आई व ती. बाबा यांना,
सूनबाईचा सा. न. वि. वि.

परवा रात्री साडेअकराला इथला फोन वाजला. तिकडे तेव्हा पहाटेचे चार. अशा वेळी फोन आला की आधी पोटात गोळा येतो, मग माणूस उचलतो. पलीकडून आई एवढंच म्हणाल्या, “तो नोकरी सोडून खानावळ काढतोय, हे खरं का?” आंबेनळी घाट दरडीने बंद असला, तरी आत्यांची बातमी कुठे अडत नाही. ठाण्याहून निघाली ती थेट तुमच्या माजघरात.

फोनवर आई ऐकून घेत नाहीत आणि बाबा मागून “म्हशीचं प्रकरण विसरला वाटतं” असं ओरडतात. म्हणून कपड्यांचं मशीन फिरतंय तेवढ्यात हे पत्र. आपल्या चिरंजीवांचा खरा वृत्तांत त्यात आहे, आत्यांनाही वाचून दाखवावा.

झालं असं, की शनिवारी घरात ‘गुलाबजाम’ लावला. सिनेमा जुना, सचिन कुंडलकरांचा, फेब्रुवारी २०१८ मधला. लंडनच्या बँकेतला आदित्य (सिद्धार्थ चांदेकर) नोकरी सोडून मराठी स्वयंपाक शिकायला पुण्याला जातो आणि डबे देणाऱ्या राधाच्या (सोनाली कुलकर्णी) दारात उभा राहतो. तिने केलेला गुलाबजाम त्याने आधी खाल्लेला असतो. ती त्याला हाकलते. तो हलत नाही. मग ती त्याला भांडी घासायला लावते. राधाच्या आयुष्यातली मधली बरीच वर्षं हरवलेली आहेत, तिला माणसं नकोशी आहेत, स्वयंपाकघर मात्र बोटाच्या टोकावर. इथवर सगळं ठीक होतं. पण लंडन, नोकरी, मराठी जेवण हे तीन शब्द एकत्र ऐकून चिरंजीव सोफ्यावर ताठ बसले, आणि सिनेमा संपल्यावर आत्यांना फोन करून म्हणाले, “असं काहीतरी करायला हवं.” खानावळीचा उगम तो हा. सावित्रीचाही महाबळेश्वरला एवढासाच असतो.

सूनबाईचं माहेर पुण्याचं, त्यामुळे पुण्याचा सिनेमा म्हणून तिची मान दोन दिवस वर होती. चिरंजीवांचं म्हणणं, घाटाखालच्या सुकटीवर सिनेमा काढायची कोणाची छाती नाही. बारक्याला दोन्ही पक्ष मान्य नाहीत. त्याला ‘शेफ’ हवा, जॉन फॅवरोचा, २०१४ चा. त्यात बाप नोकरी घालवून बसतो आणि मुलाला घेऊन मायामीहून लॉस एंजेलिसपर्यंत सँडविचचा ट्रक हाकतो. २०१७ साली सैफ अली खानने तोच प्रकार हिंदीत केला. बारक्याने विचारलंय, आजोबांचा टेम्पो अजून चालतो का. बाबा, कृपा करून “चालतो” असं कळवू नका.

आता पार्सल. मिळालं. कुळथाचं पीठ, नाचणी, आमसुलं, सुकट, सगळं शाबूत. तुपाची बरणी मात्र नाही. तिच्या जागी एक छापील चिठ्ठी आली. इथला नियम असा, की आपल्याकडून दुधाचं आणि मटणाचं काहीही आणायचं नाही. आईंनी घरच्या सायीचं कढवलेलं तूप म्हणजे इथल्या सरकारला धोका. सुकी मासळी? ती माणशी वीस किलोपर्यंत खुशाल आणा! तूप वर्ज्य आणि सुकट पवित्र, असा सोवळ्याचा नियम आपल्या आळीत कोणी सांगितला असता, तर त्याला ओटीवरूनच परत पाठवलं असतं.

या लोकांचं जुनंच आहे हे. २०१४ साली, इंग्लंड युरोपीय संघात होतं तेव्हा, संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली. मुहूर्त कोणता, तर १ मे, महाराष्ट्र दिन. आदल्या वर्षी आलेल्या २०७ खेपांत फळमाशी वगैरे किडी निघाल्या होत्या, म्हणून. आंब्याबरोबर वांगं, कारलं, पडवळ आणि अळूसुद्धा. हापूससाठी बातम्या झाल्या, दिल्लीपर्यंत पत्रं गेली, आणि २०१५ च्या सुरुवातीला आंबा सुटला. अळूसाठी कोण रडलं? आपल्या विहिरीच्या पाटाला फुकट माजणारं अळू, त्याच्यासाठी ब्रसेल्सला बैठक भरते, हे बाबांना सांगूनही पटणार नाही. आणि कढीपत्ता इथे मूठभर काड्यांना एक पाउंड. परसातल्या झाडाची किंमत चिरंजीव त्या हिशेबाने काढत बसले होते. पोलादपुरात दोन गुंठे येतील म्हणाले.

ताईंच्या धाकटीचं पाहुण्यांकडून काय आलं? मुलगा महाडचा असेल तर बरंच, पुराच्या वेळी माडी आहे ना एवढं पाहून घ्या. वरच्या घरच्या काकांनी पुन्हा बांध सरकवला, हे वाचून इथे कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. मुंबईकर गणपतीला किती दिवस येणार ते कळवा, म्हणजे आईंच्या कंबरेचा अंदाज येईल.

खानावळीचं राहिलंच. लंडनला ही परंपरा जुनी आहे, हे आत्यांना सांगा. राधाबाई वनारसे नावाच्या बाईंनी, अक्षरओळख नसताना, इथे घर चालवून मराठी माणसांना जेवू घातलं. ‘कहाणी लंडनच्या आजीबाईंची’ हे त्यांच्यावर सरोजिनी वैद्यांचं पुस्तक आहे, नाटकही झालं. सिनेमातली बाईही राधाच. आणि आमच्या या हाउन्स्लोमध्ये २०१० साली मुंबईच्या एका कॉलेजातल्या दोन मित्रांनी, त्यातल्या एकाची मंदीत नोकरी गेल्यावर, वडापावचं दुकान काढलं, ते आता नावारूपाला आलंय. चिरंजीवांची नोकरी गेलेली नाही. हा फरक मोठा आहे.

शिवाय त्यांनी रविवारी सुकट भाजली. भाड्याच्या घरात प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा हवी, असा इथे २०१५ पासून कायदा आहे. ती घंटा इतकी वाजली की खालची म्हातारी गाऊनवर बाहेर पळाली. तिला चहा पाजून परत पाठवलं. मग कुळथाची पिठी. आई, तुम्ही व्हिडिओवर सांगत होतात, “तीन मुठी घे, पाणी अंदाजानं.” फोन मिसळणाच्या डब्याला टेकवलेला, त्यात तुमचा कपाळापासून वरचा भाग आणि कौलं दिसत होती. हात दिसतच नव्हता. चिरंजीवांनी स्वतःच्या तीन मुठी घेतल्या. पिठीचा दगड झाला.

बारक्या हसला, सूनबाईही हसली. चिरंजीव हसले नाहीत. भांडं पुढ्यात घेऊन म्हणाले, “त्या आदित्यचं बरं होतं, तो शेजारी उभा होता.” मग तो दगड त्यांनी एकट्याने संपवला, आमसूल चोखत, आणि बराच वेळ भांडं घासत राहिले.

तेव्हा एक काम करा. घाट बंद असला तरी बाजाराला जाणं होईलच. वाण्याच्या काट्यावर आईंची एक मूठ कुळथाचं पीठ तोलून घ्या आणि नेमके किती ग्रॅम भरले ते कळवा. वाणी हसेल, हसू द्या. बाबांच्या मुठीचं नको, त्यांची ऐसपैस आहे, आणि चिरंजीवांनी तीच उचलली आहे.

मशीन थांबलं. कपडे वाळत घालायला हवेत, बारक्याची शाळाही सुटेल.

आपली,
सूनबाई

ता. क. तूप पुन्हा पाठवू नका. सुकट पाठवा, अजून साडेएकोणीस किलोची मुभा आहे.