सही कुठं करू?

सॉफ्टवेअरमध्ये ग्राहकाला काय काय हवंय त्याची पोथी म्हणजे एसआरएस. मी लिहिलेली पहिली पोथी २१४ पानांची होती. स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक प्लास्टिक. काम साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं. साहेबांनी चहा सांगितला, पोथी हातावर तोलली, ‘‘बरीच मेहनत घेतलीत,’’ म्हणाले आणि विचारलं, ‘‘सही कुठं करू?’’

सॉफ्टवेअर करण्याच्या वॉटरफॉल पद्धतीत ही सही म्हणजे अक्षता. पडल्या की पडल्या. मग डिझाइन, मग कोडिंग, मग टेस्टिंग; धबधब्याचं पाणी काही वर चढत नाही. सात महिन्यांनी साहेबांनी पहिल्यांदा स्क्रीन पाहिला. माऊसला हातही न लावता म्हणाले, ‘‘ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात. मागची दुसऱ्या शेतकऱ्याची असली तर?’’

माझ्या पोथीत एक गाडी, एक शेतकरी, एक वजन. खिडकीबाहेर दोन-दोन ट्रॉल्यांची रांग फाटकापर्यंत लागलेली. पण सही झाली तो जून होता. गाळप बंद, आवारात एक कुत्रं झोपलेलं.

या वॉटरफॉल पद्धतीचं पितृत्व विन्स्टन रॉइस यांच्या गळ्यात पडलंय. बिचारे! १९७० साली लॉस एंजेलिसच्या वेसकॉन परिषदेत त्यांनी निबंध वाचला. त्यात पायऱ्यापायऱ्यांचं ते प्रसिद्ध चित्र आहे, पण ‘धबधबा’ हा शब्द कुठेच नाही. चित्राखाली मात्र लिहिलंय की हे असंच्या असं राबवाल तर फसाल, कारण चूक कळते ती शेवटी, टेस्टिंगला. नवं काम असेल तर आधी एक छोटी आवृत्ती करून बघा, असंही ते सुचवतात. कोकणातल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. पहिलं घावन बिडाला चिकटायचंच. जगानं चित्र उचललं आणि पान उलटलं नाही. अर्थात रॉइसही कागदाचे शौकीन. पन्नास लाख डॉलरच्या यंत्राला तीस पानी तपशील पुरेल, पण तेवढ्याच किमतीच्या सॉफ्टवेअरला दीड हजार पानं लागतील, असा त्यांचा अंदाज. माझी २१४ म्हणजे किरकोळच.

ट्रॉल्यांसाठी चेंज रिक्वेस्ट निघाली, चार पानी. साहेबांनी या वेळी चष्मा काढला, पुसला, ओळ न् ओळ वाचली आणि तीन चुका दाखवल्या. मी मान खाली घालून निघालो. फाटकावर रखवालदारानं छापील सूचनांचं रजिस्टर पुढं सरकवलं. मी खिशातून पेन काढत विचारलं, ‘‘कुठं करू?’’